शेगडी चांगली, पण पेलेट कोणाचं?

कर्नाटकातल्या संकेश्वरात घर तापवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत हिरण्यकेशीच्या काठानं पहाटेचा गारठा उतरतो, पारा पंधराच्या खाली जातो, तरी खोलीत ऊब आणणारं यंत्र इथल्या घरांत दिसत नाही. तापवायचं असतं ते पाणी. न्हाणीतला तांब्याचा बंब किंवा मागच्या दारची चूल आणि तिच्यावरचा काळा पडलेला हंडा, हेच इथलं हिवाळी तापकाम. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी जाते, तेवढाच अपवाद.

म्हणून भाचीच्या अमेरिकेतल्या दादानं घरच्या पेलेट स्टोव्हचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा मामांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच. "यावर आंघोळीचं पाणी तापतं काय?"

मामा परिसरातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. आयुष्यभर त्यांनी चिपाडाचा जाळ पाहिला. भाची पुण्यात ऊर्जा-लेखापरीक्षणाचं काम करते. कुठल्या कारखान्यात किती उष्णता धुराड्यातून वाया जाते, हे मोजणं तिचा रोजचा उद्योग. सुट्टीला ती आजोळी आली होती आणि बंबाखाली पेलेट जाळायचं तिच्या मनात होतं. मामांना ते पटत नव्हतं. दोघांनाही जाळाची जाण असल्यामुळं हा वाद नुसत्या जुन्या-नव्याचा राहिला नाही.

दादाचा स्टोव्ह कसा चालतो, ते तिनं आधी सांगितलं. लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान कांड्या पडतात. चांगल्या पेलेटची जाडी ६ मिलिमीटर आणि ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो. स्टोव्हच्या पेटीत पोतं ओतायचं. आतला फिरता स्क्रू थोडंथोडं पेलेट जाळाच्या भांड्यात टाकतो, पंखा हवा देतो, खोलीचं तापमान ठरवून दिलं की बाकीचं यंत्र बघतं. १८ किलोचं एक पोतं कडक थंडीत साधारण दिवसभर पुरतं. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लाकडी इंधनाकडं पुन्हा लक्ष गेलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्यानं घरगुती पेलेट स्टोव्ह बाजारात आणला.

"आणि लाईट गेली की?" मामांनी विचारलं.

"बंद पडतो. स्क्रू आणि पंखा विजेवरच चालतात."

"मग तो इथं कशाला?"

"तो नकोच, मामा. मी पेलेटबद्दल बोलतेय. आपल्याकडं उसाचा पाला फडातच पेटवतात. एकरी तीन-चार टन जळून जातो, गावभर धूर होतो. दुसरीकडं देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. तिकडं काही बिघडलं की इथली चूल अडते. फडातल्या पाल्याचं पेलेट केलं तर इंधन आपल्याच शिवारातलं की."

मामांचं उत्तर दोन तुकड्यांत आलं आणि दोन्ही त्यांच्या कामाच्या अनुभवातून आलेले होते. पहिलं राखेबद्दल. लाकडाच्या उत्तम पेलेटमध्ये राख एक टक्क्यापेक्षा कमी असते. उसाच्या पाल्यात ती कितीतरी जास्त, शिवाय पालाशही भरपूर. पालाश असलेली राख जाळात मऊ होते, चिकटते आणि थंड झाल्यावर तिचे खंगर बनतात. जाळीची भोकं बुजतात, हवा कोंडते, धूर सुरू होतो. "बॉयलरात सळई घालून खंगर फोडायला माणसं असतात. तुझी मामी पहाटे पाचला सळई घेऊन बसणार काय?"

दुसरं उत्तर पाल्याच्या मालकाबद्दल होतं. पाला पेटवतात, कारण तो गोळा करायला मजुरी लागते. पण आता खोडव्यात पाला न जाळता सरीत कुजवायची पद्धत वाढते आहे. जमिनीत ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो, पाण्याची पाळी वाचते. "जो शेतकरी शहाणा झाला तो पाला देणार नाही. जो देईल तो फुकट देणार नाही. तू उचलायला ट्रॅक्टर लावलास की पाल्याला भाव आलाच म्हणून समज."

भाचीनं राखेचा मुद्दा मान्य केला. पाल्यात शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा मिसळला तर खंगर कमी होतात, हे तिनं सांगितलं. पण भावाचा मुद्दा तिला अडवणूक वाटला. "प्रत्येक गोष्टीला भाव येईल म्हणून काहीच करायचं नाही का?"

इथं तिला स्वतःच्याच शहराची एक गोष्ट आठवली. मामांना ती ठाऊक नव्हती. ती तिनंच सांगितली आणि तीच तिच्या विरुद्ध गेली.

पेलेटवरची घरगुती शेगडी महाराष्ट्र आणि कर्नाटकाला नवी नाही. २००६ पासून ती इथं विकली गेली आहे, तीही लाखांत. तिचं नाव 'ऊर्जा'. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचं तंत्र घडलं आणि बीपी या तेल कंपनीच्या एका विभागानं ती बाजारात आणली. पुढं पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीनं तो व्यवसाय हाती घेतला. शेगडी छोटी, गोल, खाली बॅटरीवर चालणारा इवलासा पंखा. पेलेट भांड्यात भरून वरून पेटवायचं. पंखा खालून थोडी हवा देतो, तेवढ्यात पेलेट पूर्ण जळत नाही, त्यातून वायू सुटतो. हा वायू वर येतो आणि भांड्याच्या काठाजवळच्या भोकांमधून आलेल्या दुसऱ्या हवेत मिसळून जळतो. म्हणजे धूर होण्याआधीच धुराचं इंधन होतं. निळसर-पिवळी, स्थिर ज्योत मिळते आणि पंख्याचा वेग बदलून ती कमी-जास्त करता येते. गावोगावी विक्रीसाठी बायकांचं जाळं उभं राहिलं. महाराष्ट्रात लातूरच्या भूकंपानंतर घडलेली 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यात होती.

चार लाखांहून जास्त शेगड्या विकल्या गेल्या. या प्रकारच्या शेगडीची इतकी मोठी बाजारी विक्री जगात दुसरीकडं झाली नव्हती.

आणि मग? स्टॅनफर्ड विद्यापीठातले मार्क थर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ९९८ घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांनी ही शेगडी विकत घेतली होती, त्यांपैकी फक्त ९ टक्के घरं पाहणीच्या वेळी ती वापरत होती.

"बिघडल्या?" मामांनी विचारलं.

"तंत्र बिघडलं नव्हतं. पेलेटचं गणित बिघडलं. शेतातला कचरा स्वस्तात मिळत राहील, या भरवशावर सगळं उभं होतं. तसा तो मिळत राहिला नाही. स्वस्त मालाची साखळीच टिकवता आली नाही."

मामा काही बोलले नाहीत. 'मी म्हणत होतो' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी आणखी विचारलं, कोण घेत होतं ही शेगडी? चूल सोडणाऱ्या बायका? भाचीचं उत्तर त्यांना अनपेक्षित होतं. या पाहणीत शेगडी सर्वांत जास्त घेतली ती आधीच गॅस असलेल्या घरांनी, कारण पेलेटमुळं त्यांचा गॅसचा खर्च वाचत होता. धूर आणि आरोग्याबद्दलच्या जाहिरातींचा खरेदीवर ठळक परिणाम दिसला नाही. जिच्या छातीत रोज धूर जातो ती बाई या शेगडीची मुख्य गिऱ्हाईक झालीच नाही. जी झाली ती पैसे वाचतात म्हणून झाली, आणि पैसे वाचेनासे झाले की गॅसकडं परत गेली. लोक जुनाट सवयी सोडत नाहीत, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. या आकड्यांवरून तो निघत नाही. सवय तर त्यांनी सोडली होती, पैसे मोजून सोडली होती.

मग मामांनी कागद-पेन्सिल मागितली. गॅसच्या एका किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता, शेतमालाच्या पेलेटमध्ये ३,८०० धरू. गॅसच्या शेगडीवर त्यातली ६० टक्के भांड्याला लागते, पेलेटच्या शेगडीवर ४० टक्के. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करायला साठेक किलो पेलेट लागतं. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत साधा सिलिंडर ८५३ रुपयांचा झाला, तो दर धरला तर पेलेट किलोला १४ रुपयांच्या वर गेलं की गॅस स्वस्त. उज्ज्वला योजनेतल्या घराला तोच सिलिंडर तेव्हा ५५३ रुपयांना पडत होता. त्या घराचं गणित नऊ रुपयांवरच उलटतं.

या कागदावर आपलं लक्ष थोडा वेळ राहायला हवं. पेलेटची सर्वांत जास्त गरज ज्या घराला आहे, त्याच्यासाठी ते सर्वांत स्वस्त विकावं लागणार. बनवायचा खर्च मात्र गिऱ्हाईक बघून कमी होत नाही.

भाची हटली नाही. "हे स्वयंपाकाचं झालं. बंबाचं काय? बंबाला गॅस नाहीच."

"बंबाला पेलेट तरी कशाला? दाणे काढलेली मक्याची कणसं, नारळाची सोडणं, करवंट्या, सुतारमेटावरचे ढलपे, काय वाटेल ते चालतं. यंत्रात घालून दाबायची गरज काय? दाबायला वीज जाळणार."

"टनामागं साधारण शंभर युनिटं. किलोला रुपयाच्या आत येतं, मामा. आणि बंब काहीही खातो म्हणूनच तो धूर ओकतो. ओला ढलपा एकदा घालून बघा."

हे मात्र मामांना पटलं. ओल्या इंधनाची किंमत त्यांच्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? गाळपातून आलेल्या ताज्या चिपाडात निम्मं पाणी असतं. आधी ते पाणी उडवायला उष्णता जाते, मग उरलेली वाफेला. कोरडं आणि एकसारखं इंधन ही बॉयलरवाल्याची जन्मभराची मागणी असते आणि पेलेट नेमकं तेच आहे, हे त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. त्यांची हरकत वेगळीच होती. बंबाची जाळी रुंद असते, ६-८ मिलिमीटरचं पेलेट तिच्यातून खाली पडेल. भोकांची एक पत्र्याची टोपली बनवून नळीत बसवावी लागेल. भाचीनं लगेच टोपलीचं माप विचारलं.

इतका वेळ मामी ऐकत होत्या. स्वयंपाकघरातलं कोणी काही विचारलं नाही, म्हणून त्यांनीच विचारलं. "मला सांगा, तासाभराचा जाळ भरला आणि चहाच करायचा असला तर? मध्येच विझवता येतो काय?"

नीट येत नाही. 'ऊर्जा'सारख्या शेगडीत एकदा भरलेलं पेलेट जळून संपायला हवं. अर्धवट विझवलं की धूर होतो.

"आणि भाकरी? तव्यावर एक बाजू होते, मग ती निखाऱ्यापाशी उभी करायची, तेव्हा फुगते. तुमच्या शेगडीला पुढं तोंडच नाही. निखारे राहतात ते बुडाशी."

भाचीकडं याचं उत्तर नव्हतं. ज्यांनी भाकरी गॅसवर फुगवायला शिकून घेतली, त्यांनीही ती कसरत म्हणूनच शिकून घेतली. सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि दोन दशकं चालला. त्यातल्या कितीतरी चुली नंतर मोडून टाकल्या गेल्या. चूल कशी असावी, हे ठरवताना तिच्यासमोर बसणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं, तर पुढचं सगळं यंत्रशास्त्र निरर्थक ठरतं.

मामींनी एक आठवण काढली, भुशाच्या शेगडीची. वखारीतून भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मध्ये बाटली उभी करून भोवती ठेचून भरायचा, मग बाटली अलगद ओढून काढायची. खालच्या भोकातून हवा शिरते, मधल्या नळीतून जाळ वर येतो, आणि डबा तीन-चार तास मंद जळतो. बाळंतिणीचं पाणी, गुरांचं आंबोण, डाळ शिजवणं, सगळं तिच्यावर व्हायचं. यंत्र नाही, पंखा नाही, तरी हवेची वाट ठरवून देण्याची तीच युक्ती.

"ती का गेली?" भाचीनं विचारलं.

"गॅस आला. आणि भुसा मिळेना. पोल्ट्रीवाले नेऊ लागले."

मामा एवढंच म्हणाले, "बघ."

पुण्याच्या 'आरती' संस्थेनं वेगळी वाट धरली होती, ती भाचीनं सांगितली. डॉ. आनंद कर्वे यांच्या या संस्थेनं उसाचा पाला फडाजवळच भट्टीत कोंडून कोळसा करायचं तंत्र काढलं. त्या कोळशाच्या भुकटीचा कांडी कोळसा बनतो. २००२ मध्ये संस्थेला त्यासाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्याच 'सराई' कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम कांडी कोळशावर पाच माणसांचं वरण-भात-भाजी शिजतं. हलका, पसरलेला पाला ट्रॅक्टरनं लांब न्यायचा खर्च यात टळतो. जे न्यायचं ते आटोपशीर झाल्यावरच न्यायचं. मामांना ही रीत पेलेटपेक्षा जास्त आवडली. कष्टाचं काम आहे, हातपाय काळे होतात, पण माल शेतकऱ्याच्या हातात राहतो, असं त्यांचं मत पडलं.

मालक कोण, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. रवांडात २०१० मध्ये 'इन्येन्येरी' ही कंपनी निघाली. पेलेटचं गिऱ्हाईक झालात तर शेगडी वापरायला फुकट, अशी तिची रीत होती. जगभर तिचं कौतुक झालं, आणि दहाएक वर्षांत पैशांअभावी ती बंद पडली. सधन युरोपही सुटला नाही. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपीय संघानं रशियन पेलेटची आयात थांबवली, लोकांनी धास्तीनं साठे केले आणि जर्मनीत पेलेटचा भाव वर्षभरात तिपटीच्या आसपास गेला. तेल-वायूपासून सुटका म्हणून ज्यांनी पेलेट लावलं, तेही त्याच वादळात सापडले.

भारतात तर पेलेटला फार मोठं गिऱ्हाईक उभं राहिलं आहे. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात शेतमालाचं पेलेट मिसळावं, असं धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारून आणलं. २०२४-२५ पासून ५ टक्के आणि पुढच्या वर्षापासून ७ टक्के, असं प्रमाण नंतर ठरलं. उत्तर भारतात पराळी जाळली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण मामांनी त्याचा अर्थ न्हाणीपर्यंत आणला. "टनांनी घेणारं वीजकेंद्र एका बाजूला आणि महिन्याला एक पोतं घेणारी तुझी मामी एका बाजूला. पेलेटवाला कोणाचा फोन आधी उचलेल?"

मग सहकार करा, भाची म्हणाली. या तालुक्यात १९६९ पासून वीजसुद्धा सहकारी संस्था वाटते. हुक्केरीची ही ग्रामीण वीज सहकारी संस्था देशातल्या मोजक्या टिकलेल्यांपैकी आहे. जिथं विजेची सहकारी संस्था पन्नास वर्षं चालते, तिथं पेलेटची का चालणार नाही?

"वीज ती बाहेरून घेते आणि वाटते. वाटायची शिस्त आपल्याकडं आहे, खरंय. कच्च्या मालाचं काय?"

या वादात मामांचं पारडं जड वाटेल. पण ते खरं बोलत होते म्हणून भाची चूक ठरत नाही. दर हंगामात फड पेटतात आणि परसातल्या चुलीपुढं बायका डोळे चोळतात. ही दोन्ही दुखणी खरी आहेत, आणि 'भाव येईल' म्हटल्यानं ती कमी होत नाहीत. वर सांगितलेल्या पाहणीतच एक वाट दिसते. घरांचा बाजार अडला तेव्हा कंपनी खाणावळी-हॉटेलांसारख्या धंद्याच्या गिऱ्हाईकांकडं वळली, असं ती सांगते. तिथं जाळ दिवसभर लागतो, पेटवायला माणूस असतो आणि धंद्याच्या गॅसचा दर घरगुतीपेक्षा चढा असतो. संकेश्वर पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. धाबे, खाणावळी, मंगल कार्यालयं यांना इथं तोटा नाही. घरगुती पेलेट टिकायचं असेल तर ते अशा रोजच्या, जवळच्या गिऱ्हाईकाच्या आधारानंच टिकेल, असं या लेखकाला वाटतं. पाच-सहा खाणावळींनी वर्षाचा भाव ठरवून महिन्याला ठरावीक टन उचलले, तर छोटं दाबयंत्र चालू राहील आणि त्याच्या दारातून बंबाचं पोतंही त्याच भावात निघेल. नुसत्या घरांवर ते यंत्र एक हंगामही चालणार नाही.

भाचीनं हे मामांपुढं मांडलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. पण दोन अटी घातल्या. यंत्र बसवायच्या आधी तीन प्रकारच्या मालाचं पेलेट दहा-दहा किलो आणायचं: शेंगांच्या टरफलांचं, भुशाचं आणि पाल्याचं. प्रत्येक बंबात जाळून राख तोलायची आणि खंगर वेगळे काढायचे. दुसरं, खाणावळवाल्यांशी बोलायला भाचीनं एकटीनं जायचं नाही, ते सोबत येणार.

मामीची अट पावसाची होती. आंबोलीच्या बाजूनं ढग आले की इथं जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. पेलेट ओलं झालं की फुगून पुन्हा भुसा होतो, हे भाचीनंच सांगितलं होतं. तेव्हा मृगाच्या आधी चार महिन्यांचा माल हवाबंद पिशव्यांत घरात पोचता करणार असाल तरच बंबाची टोपली बनवा, नाहीतर सोडणं आणि करवंट्या आहेतच, असं सांगून त्या भाकरीकडं वळल्या.